जहाज लागलं धक्क्याला, आपण लागू रस्त्याला!

माझं माहेर गिरगावातलं, खोताच्या वाडीजवळचं. आमच्या लहानपणी हिवाळा सुरू झाला की वाडीत एक गंमत असायची. बॅलार्ड पियरला परदेशी बोट लागली, की पाच-सहा गोरे पाहुणे हिंडत हिंडत आमच्या गल्लीत यायचे. उन्हाने लाल झालेले चेहरे, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. लाकडी जिन्यांकडे, गॅलऱ्यांच्या नक्षीकडे माना वर करकरून बघायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे.

एकदा, मार्च महिना असावा, आई गॅलरीत पापड वाळत घालत होती. खालून एका बाईने न विचारताच फोटो काढला. आईने पदर डोक्यावर ओढला आणि दार धाडकन लावून घेतलं. रात्री जेवताना मात्र तीच म्हणाली, "मेल्यांना आपल्या घरात काय दिसतं कोण जाणे! पण बिचारी एवढ्या उन्हात पायी हिंडत होती. पाणी तरी विचारायला हवं होतं."

मैत्रिणींनो, हा प्रसंग मी विसरूनही गेले होते. तो आठवला गेल्या वर्षी, नेपल्सच्या एका गल्लीत. तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता आणि खिडकी दुसऱ्याच कुणीतरी लावून घेतली होती!

तुम्ही म्हणाल, ही बाई नेपल्सला कशी पोचली? सांगते. हे निवृत्त झाले. चिरंजीव आणि सूनबाई म्हणाले, "आईबाबा, आता तरी कुठेतरी जाऊन या." थोडी आमची शिल्लक, थोडी मुलांची भेट, असं करून आठ दिवसांची भूमध्य समुद्रातली बोटीची सहल ठरली. जिनोआला बोटीत बसायचं, नेपल्स, मेसिना, माल्टातलं व्हॅलेटा, बार्सिलोना, मार्सेय असं करत पुन्हा जिनोआला उतरायचं. इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स असे चार देश, पण शेंगेन व्हिसा एकच. बोटीवर चार हजारांच्या वर उतारू. अहो, आमच्या अख्ख्या कॉलनीत तेवढी माणसं नाहीत!

या सहलींची रीत अशी, की बोट रात्री चालते आणि सकाळी नव्या गावाला लागते. दिवसभर गाव बघा, संध्याकाळी परत या. गाव दाखवायला बोटीच्या स्वतःच्या बस-सहली असतात. पण दर? माणशी साठ युरोच्या खाली काही नाही. यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. दोघांचे, पाच बंदरांचे मिळून साठ हजार रुपये. "एवढ्यात घरातला फ्रिज बदलून वर चार पैसे उरतील," हे म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. सूनबाईंनी तोड काढली. "आई, जिथे गाव धक्क्याला लागून आहे तिथे सरळ पायी फिरा. निम्मे लोक तसंच करतात."

तिचा सल्ला आम्ही ऐकला. त्यातून जे शिकलो, चुकलो आणि जे मला मिळालं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

बंदर म्हणजे गाव नव्हे

पहिला धडा हा. सहलीच्या कागदावर 'रोम' असं लिहिलेलं असतं, पण रोमला काही समुद्र नाही! बोट लागते चिवितावेक्किया नावाच्या बंदरात. तिथून रोम सत्तर किलोमीटरच्या वर. मार्सेयला बोटीचा धक्का जुन्या बंदरापासून इतका दूर, की बसशिवाय इलाज नाही. बार्सिलोनाला धक्क्यावरून आधी बसने कोलंबसच्या उंच स्तंभापर्यंत जायचं, मग पायपीट सुरू. उलट नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा ही गावं अगदी धक्क्याच्या उंबऱ्याशी. जिनोआही तसंच. जिथे बोटी लागतात तिथून पाऊण तासात जुन्या अरुंद गल्ल्यांतून सान लोरेन्झोच्या चर्चपर्यंत रमतगमत जाता येतं. १९४१ साली ब्रिटिश आरमाराने डागलेला एक तोफगोळा या चर्चमध्ये पडला, पण फुटलाच नाही. तो तिथे अजून ठेवला आहे.

आणि हे परदेशापुरतंच आहे असं समजू नका. हल्ली मुंबईहूनही गोवा, कोची, लक्षद्वीपच्या सहली निघतात. तुमच्यापैकी पुष्कळ जणी जाऊनही आल्या असतील. गोव्याला बोट लागते मुरगाव बंदरात. तिथून वास्को जवळ, पणजी नव्हे. कोचीला उतरायचं वेलिंग्डन बेटावर. ती चिनी मासेमारीची जाळी आणि फोर्ट कोची पाण्याच्या पलीकडे. तेव्हा निघण्याआधी नकाशावर दोन गोष्टी शोधा: बोट नेमकी कुठे लागते, आणि आपल्याला बघायचं ते तिथून किती लांब आहे. दोन किलोमीटरच्या आत असेल तर पायांवर विश्वास ठेवा. त्याहून जास्त असेल तर आधी वाहन, मग पाय.

नेपल्सची टोपली

नेपल्सला उतरलो आणि समोर बघते तो रस्त्याच्या पलीकडे तेराव्या शतकातला भुईकोट किल्ला! पाच जाड बुरूज, मध्ये पांढऱ्या संगमरवराची कमान. धक्क्यावरून पाच-सात मिनिटं. तिथून पुढे काचेच्या घुमटाची गॅलेरिया, तिच्यासमोर १७३७ सालचं सान कार्लो नाट्यगृह, पुढे भलाथोरला चौक. सगळं एकमेकांना लागून. रस्ता ओलांडणं मात्र पुण्याच्या लक्ष्मी रोडची आठवण करून देणारं. स्कूटरवाले कुणासाठी थांबत नाहीत. मी एका आजीबाईंच्या मागोमाग पाऊल टाकलं. परगावी रस्ता ओलांडायचा तर गावच्या बाईच्या सोबतीने ओलांडावा, हे मी तिथे शिकले.

चौकाजवळ कॉफी घेतली. उभ्याउभ्या प्यायची, दोन घोटांची. कॉफीची या गावात एक गोड रीत आहे. पैसेवाला माणूस एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देऊन जातो. ती दुसरी कुणा गरजवंतासाठी. आपल्याकडे पाणपोई असते ना, तसंच.

मग आम्ही तोलेदो रस्त्यावरून वरच्या गल्ल्यांत शिरलो. गल्ल्या कसल्या, बोळ! दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुनी घरं, या घराच्या दोरीवर त्या घराचे कपडे. एवढ्यात वरून एक टोपली दोरीने हळूहळू खाली आली. खालच्या भाजीवाल्याने तीत टोमॅटो टाकले, पाव टाकला, आणि टोपली वर गेली! मी रस्त्यातच उभी. अहो, आमच्या चाळीत आई अशीच पिशवी सोडायची, तिसऱ्या मजल्यावरून! पाववाला, भाजीवाला, सगळे त्या पिशवीचे ओळखीचे. इथे त्या टोपलीला 'पानारो' म्हणतात.

आनंदाच्या भरात मी मोबाइल वर केला. टोपलीवाली आजी खिडकीतच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि खिडकी लावून घेतली. आवाज बेताचाच झाला, पण माझ्या कानात आईचं ते गॅलरीचं दार धाडकन वाजलं.

मी मोबाइल पिशवीत टाकला. लाज वाटली. आपण साठ हजार वाचवले म्हणून खुशीत, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात न विचारता डोकावतोय! बसमधला प्रवासी मोठमोठ्या इमारती बघून परत जातो. पायी हिंडणारा माणूस मात्र लोकांच्या दाराशी जाऊन पोचतो. हेच पायी फिरण्याचं सुख, आणि जबाबदारीही हीच.

आणि आम्ही चुकलो

पुढची चूक दोघांची. परतायला निघालो तेव्हा हे म्हणाले, "इकडून जवळचा रस्ता आहे." मला वाटत होतं समुद्र उताराकडे असणार, आणि आपण तर चढतोय. पण बोलले नाही. संसारात एवढी वर्षं मागून चालायची सवय! वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका त्या अरुंद गल्ल्यांत नुसता उड्या मारत होता. यांचा चेहरा उतरला, पण कुणाला विचारायचं नाव नाही. पुरुषांना रस्ता विचारायचं एवढं जिवावर का येतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शेवटी मी एका फळवाल्यापुढे चिठ्ठी धरली. सूनबाईंनी निघताना बजावलं होतं, म्हणून प्रत्येक बंदराचं नाव तिथल्या भाषेत लिहून ठेवलं होतं. त्याने वाचलं, 'स्तात्सिओने मारित्तिमा', आणि हाताने दाखवलं: मागे फिरा, उतरा, उतरतच जा. आम्ही जवळजवळ धावत सुटलो. फाटक बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो.

हे कशासाठी सांगते? तर नियम असा, की बोटीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर बोट त्यांच्यासाठी थांबते. स्वतःच्या पायाने गेलेल्यांसाठी थांबत नाही. सुटायच्या वेळेआधी साधारण अर्धा तास सगळ्यांनी आत असायचं. उशीर झाला तर पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. त्या धावपळीत साठ हजार तर जातीलच, वर झोपही.

त्या रात्री यांचा गुडघा सुजला. आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

घंटा वाजवणाऱ्या दोघी

दुसऱ्या दिवशी मेसिना, सिसिली बेटावरचं गाव. धक्क्यापासून मुख्य चर्चचा चौक दहा मिनिटांवर, म्हणून हेही हळूहळू आले. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि गाव जमीनदोस्त झालं. आज दिसतं ते बहुतेक सगळं नव्याने उभं केलेलं. चर्चशेजारच्या मनोऱ्यात १९३३ साली स्ट्रासबर्गच्या कारागिरांनी बनवलेलं यंत्राचं घड्याळ बसवलं. दुपारी बारा वाजता ते जिवंत होतं. सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा पंख फडफडवून आरवतो, मूर्ती फिरू लागतात. चौकात सगळी माना वर करून उभी!

मला सर्वांत आवडल्या त्या घंटेशी उभ्या असलेल्या दोन स्त्रिया. दीना आणि क्लारेन्झा ही त्यांची नावं. १२८२ साली गावाला वेढा पडला होता. शत्रू रात्री तटावर चढू लागला तेव्हा या दोघी जाग्या होत्या. एकीने वरून दगड लोटले, दुसरीने घंटा बडवून गाव उठवलं, अशी कथा आहे. आज सातशे वर्षांनंतरही गावाला वेळ सांगायचं काम त्यांच्याकडेच! मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "कळलं. काल तू वेळेवर घंटा वाजवायला हवी होतीस." इतका वेळ धरलेला अबोला तिथे सुटला.

माझे चार तास

व्हॅलेटाला सकाळी यांचा गुडघा अगदीच वाकेना. "तू जाऊन ये," हे म्हणाले. मी म्हटलं, "एकटी?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून मला हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळं केलं. पण नुसतं 'बघायला' म्हणून एकटी कधी बाहेर पडले होते? आठवेना. काम असल्याशिवाय आपण घराबाहेर पडतच नाही, खरं ना?

पडले. हातात नकाशा, पायांत रोजचे बूट.

व्हॅलेटा हे एका उंच खडकावर वसवलेलं गाव. १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांनी या तटबंदीच्या गावाचा पाया घातला. लांबी जेमतेम एक किलोमीटर, रस्ते पटावरच्या घरांसारखे सरळ. त्यामुळे चुकायची भीती नाही. बोट खाली पाण्याशी, गाव वर. पण चढायचं कारण नाही. २०१२ सालापासून तिथे लिफ्ट आहे, अठ्ठावन्न मीटर उंच. आत शिरले आणि मिनिटाच्या आत वर बागेत! मोठी युक्तीची गोष्ट ही: चढ यंत्राने चढावा, उतार पायांनी उतरावा. गुडघ्यांना मात्र उतारच जास्त छळतो, तेव्हा दुखणाऱ्यांनी उतरतानाही लिफ्टच घ्यावी.

बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की सगळं बंदर पायाशी. आमचं एवढं अगडबंब जहाज खेळण्यासारखं दिसत होतं. त्याच्या गच्चीवर कुठेतरी हे खुर्ची टाकून बसलेले असणार. मी उगीचच हात हलवला.

मग सेंट जॉनचं चर्च. बाहेरून अगदी साधं, भिंती तर किल्ल्यासारख्या. आत पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. सोन्याची नक्षी, आणि पायाखाली रंगीत संगमरवराच्या शेकडो समाध्या. इथे खांदे झाकलेले लागतात, आणि टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत, फरशीला ओरखडे पडतात म्हणून. दारात कितीतरी जणींची पंचाईत झाली होती. माझा पंजाबी ड्रेस, ओढणी आणि सपाट बूट, मी सरळ आत! आत काराव्हाज्जोचं १६०८ सालचं थोरलं चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. चित्रकाराने सही केलेलं हे त्याचं एकमेव चित्र. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण त्या काळोखात कपाळ धरून उभी असलेली एक म्हातारी आहे. इतरांचं काम थंडपणे चाललंय, हळहळतेय ती एकटी. मी तिच्यापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. "चल, उशीर होतोय," म्हणणारं कुणी नव्हतं.

बाहेर पडून पायऱ्यांच्या गल्ल्यांतून हिंडले. दोन्हीकडे रंगीत लाकडी बंद गॅलऱ्या, हिरव्या, तांबड्या, निळ्या. भुलेश्वरची, गिरगावची आठवण यावी अशा. एका टपरीवर वाटाण्याचं सारण भरलेली गरमागरम पस्तीझी घेतली. आपल्या पॅटिसची चुलत बहीण! शाकाहारी मैत्रिणींनी मात्र आवरणात चरबी आहे का हे आधी विचारून घ्यावं. बाकावर बसून खाल्ली. दुपारी बाराला तटावरून तोफ सुटते. ती धडाडली तेव्हा कबुतरं उडाली, आणि बाजूची आजी माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. भाषा लागली नाही.

एवढंच. ना खरेदी, ना मोठं साहस. पण मैत्रिणींनो, ते चार तास माझे होते. त्यांत कुणाच्या चहाची वेळ नव्हती, औषधाची नव्हती. कुठे वळायचं ते मी ठरवलं. एकदा चुकले, तेही माझ्याच मनाने आणि परतलेही माझ्याच मनाने.

बोट सुटायच्या दोन तास आधी मी धक्क्यावर होते. हे फाटकाच्या आतल्या बाजूला काठी टेकून उभे. कधीपासून उभे होते ते विचारलं नाही. म्हणाले, "बार्सिलोनात रस्ता तू दाखव."

ज्यांच्या दारात आपण उभे, त्यांचं काय?

बार्सिलोनात रस्ता मी दाखवला खरा, पण तिथली गर्दी पाहून जीव दडपला. रांब्ला हा झाडांचा रस्ता सव्वा किलोमीटरचा, आणि त्यावर मुंगीला वाट नाही. दोन-तीन बोटी एका दिवशी लागल्या की दहा हजार माणसं एकदम उतरणार. गावकरी वैतागले तर नवल नाही. २०२४ च्या जुलैत तिथल्या लोकांनी मोर्चा काढून हॉटेलांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं होतं. घरांची भाडी चढतात, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या जागी खेळण्यांचं आणि टोप्यांचं दुकान येतं, ही त्यांची तक्रार. २०२५ साली शहराने आणि बंदराने बोटींची टर्मिनलं सातावरून पाचावर आणायचा करार केला. व्हेनिसमध्ये तर इटलीच्या सरकारने २०२१ सालापासून मोठ्या बोटींना गावाच्या मधल्या पाण्यातून जायला बंदी घातली आहे.

मग आपण जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. पण पाहुण्यासारखं जावं. बोटीवर तिन्ही त्रिकाळ खायला मिळतं म्हणून गावात एक पैसाही खर्च न करता फिरणारे पुष्कळ. ते बरं नव्हे. एक कॉफी, एक फळ, एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून एक छोटी वस्तू, एवढं तरी त्या गावाला द्यावं. गल्लीत रस्ता अडवून उभं राहू नये. मोठ्याने बोलू नये. आणि माणसाचा, घराचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. भाषा येत नसली तरी कॅमेरा दाखवून भुवया उंचावल्या की प्रश्न कळतो.

निघण्याआधी एवढं करा

• बूट नवे घेऊन जाऊ नका. महिनाभर रोज घालून मऊ झालेलेच घ्या. साडीची सवय असेल तर खुशाल नेसा, पण जरा वर. दगडी फरशा गुळगुळीत असतात.

• घरी असतानाच रोज तासभर चालायची सवय लावा, थोडा जिना चढून उतरून. सहलीचे पैसे भरले की चालायला सुरुवात करा, बॅग भरताना नव्हे.

• बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ कधी कधी वेगळं असतं. आपलं घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. परतायच्या वेळेतून एक तास वजा करा, ती आपली खरी वेळ.

• हातात असलेल्या वेळेपैकी निम्मा संपला की माघारी वळा, मग समोर कितीही सुंदर काही असो.

• बोटीचं कार्ड गळ्यात किंवा आतल्या खिशात. ते नसेल तर आत येणं अवघड. पासपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा.

• खोलीत रोज संध्याकाळी कार्यक्रमाचा कागद येतो. त्यावर बंदरातल्या एजंटाचा फोन आणि परतायची वेळ असते. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि धक्क्याचं नाव तिथल्या भाषेत चिठ्ठीवर.

• पाण्याची बाटली, गोळ्या, टोपी, एक पातळ ओढणी. पर्स समोर, चेन लावलेली. गर्दीत खिसेकापू सगळीकडे सारखेच.

• बोटीवरून फळं वगैरे बाहेर नेऊ नका. काही बंदरांत मनाई असते.

• इटलीत दुपारी एकच्या सुमारास पुष्कळ छोटी दुकानं आणि चर्चेस बंद होतात. बघायचं ते सकाळी उरकावं.

• एका दिवशी तीनच ठिकाणं ठरवा. चौथं आपोआप दिसतंच.

आता आपली पाळी

परत आल्यावर डिसेंबरात काही कामासाठी फोर्टात गेले होते. बॅलार्ड पियरला २०२५ साली नवं क्रूझ टर्मिनल झालं आहे. तिथे बोट लागलेली असणार, कारण हॉर्निमन सर्कलच्या कोपऱ्यावर एक वयस्क जोडपं नकाशा उलटसुलट करत उभं होतं. तेच लाल चेहरे, त्याच टोप्या. नवरा एकीकडे बोट दाखवत होता आणि बायको दुसरीकडे बघत गप्प उभी होती. मला सगळं कळलं!

मी जवळ गेले. मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठे जायचंय? त्यांना बोरीबंदरचं स्टेशन बघायचं होतं आणि ते चालले होते उलट्या दिशेने. मी दोन मिनिटं त्यांच्याबरोबर चालले. १८३३ सालचा टाउन हॉल दाखवला, त्याच्या पायऱ्या दाखवल्या. म्हटलं, परतताना बॅलार्ड इस्टेटमधून जा. सावली आहे, आणि ज्या जॉर्ज विटेटने तो भाग आखला त्यानेच गेटवे बांधला. तिला विचारलं, बोट किती वाजता? म्हणाली, सहा. "मग चारला वळा," मी बजावलं.

आणि पिशवीतली पाण्याची नवी बाटली काढून तिच्या हातात दिली. ती पैसे देऊ लागली, मी नको म्हटलं. कशासाठी, हे तिला कुठून सांगणार? आईचं राहून गेलेलं होतं.